चुलता, सासरा आणि साम्राज्य

वर्णद्वेष म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येतात ते कायदे आणि पाट्या. दक्षिण आफ्रिकेतील केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवलेले बाक, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बसगाड्यांमधून काळ्यांना दाखविलेल्या मागच्या जागा, वेगळ्या शाळा, वेगळे दवाखाने. कायद्याने उभारलेल्या या भिंती कायद्यानेच पाडता येतात, आणि विसाव्या शतकाने त्यांतील पुष्कळशा पाडल्याही. परंतु वर्णद्वेषाचे खरे बिऱ्हाड सरकारी कचेरीत नसते, ते घरात असते. सभेत समतेवर बोलणारा, शेजाऱ्याशी सभ्यपणे वागणारा गृहस्थ आपली मुलगी किंवा पुतण्या परक्या वर्णाच्या माणसाचा हात धरून दारात उभा राहिला की काय करतो, यावरूनच त्याच्या समतेची पारख होते. बोत्स्वाना या देशाचे पहिले अध्यक्ष सर सेरेत्से खामा यांच्या आयुष्यात ही पारख एकाच वेळी तिघांची झाली : एका आफ्रिकी चुलत्याची, एका इंग्रज सासऱ्याची आणि ब्रिटिश साम्राज्याची. त्या पारखेचा निकाल आजही विचार करण्याजोगा आहे.

सेरेत्से यांचा जन्म 1 जुलै 1921 रोजी सेरोवे येथे झाला. त्या काळी या प्रदेशाला बेचुआनालँड म्हणत आणि तो ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. तेथील बामांग्वाटो ही मोठी जमात. तिचे प्रमुखपद खामा घराण्याकडे होते. सेरेत्से यांचे आजोबा तिसरे खामा आणि वडील सेकगोमा यांच्यात दीर्घकाळ वितुष्ट होते, ते मिटल्याच्या आनंदात नातवाचे नाव ठेवण्यात आले. सेरेत्से म्हणजे सांधणारी चिकणमाती. पुढे त्यांच्यामुळे घराणे दुभंगले आणि त्यांच्याच हयातीत ते पुन्हा सांधले गेले, हे पाहता नाव ठेवणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे नवल वाटते. 1923 मध्ये आजोबा वारले, 1925 मध्ये वडील. चार वर्षांचे मूल जमातीचे वारस ठरले आणि त्याच्या वतीने कारभार पाहण्यासाठी त्याचे तरुण चुलते त्शेकेदी खामा यांनी आपले महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले.

या त्शेकेदींची ओळख नीट करून घेतली पाहिजे, कारण पुढील कथेत ते विरोधकाच्या जागी उभे आहेत आणि त्यांना केवळ खलपुरुष ठरविणे सोपे आहे. वस्तुतः तो विलक्षण कर्तबगार, धर्मनिष्ठ आणि करारी पुरुष होता. 1933 मध्ये, आपल्या जमातीत राहून तेथील स्त्रियांशी गैरवर्तन करणाऱ्या एका गोऱ्या तरुणाला त्यांच्या न्यायसभेने शिक्षा केली. काळ्या माणसाने गोऱ्याचा न्याय करावा, ही गोष्ट साम्राज्याला इतकी झोंबली की केपटाउनहून नौदलाचे सैनिक तोफांसह वाळवंटाच्या काठी पाठविण्यात आले. त्शेकेदींना पदावरून दूर केले गेले. बोभाटा झाल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा नेमले गेले. कातडीच्या रंगावरून माणसाला कसे जोखले जाते, हे या माणसाने स्वतः भोगले होते. दक्षिण आफ्रिकेने आपला मुलूख गिळू नये म्हणून तो आयुष्यभर झगडला. पुतण्याला त्याने पोटच्या मुलासारखे वाढविले, उत्तम शिक्षण दिले, आणि वेळ येताच त्याच्या हाती कारभार सोपविण्याची स्वप्ने पाहिली.

फोर्ट हेअर येथून 1944 मध्ये पदवी घेऊन सेरेत्से दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेले. प्रथम ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात आणि नंतर लंडनच्या इनर टेंपलमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. 1947 च्या जून महिन्यात एका वसतिगृहातील नृत्याच्या कार्यक्रमात रूथ विल्यम्स या तरुणीशी तिच्या बहिणीमार्फत त्यांचा परिचय झाला. रूथ दक्षिण लंडनच्या मध्यमवर्गीय कुटुंबातील. महायुद्धात हवाई दलाच्या महिला पथकात तिने रुग्णवाहिका चालविली होती आणि आता एका विमा व्यवसायाच्या कचेरीत ती कारकून होती. दोघांनाही जाझ संगीताची आवड. परिचयाचे प्रेमात रूपांतर व्हायला वर्ष लागले. दोघेही सज्ञान, सुशिक्षित आणि अविवाहित होते. या विवाहात अडचण अशी कोणती नव्हतीच. होती ती फक्त रंगाची.

पहिला तडाखा रूथच्या घरातून बसला. वडील जॉर्ज विल्यम्स हे हिंदुस्थानातील सैन्यात कॅप्टन म्हणून राहिलेले आणि पुढे चहाच्या व्यापारात शिरलेले गृहस्थ. मुलीने आपला निश्चय सांगताच त्यांनी तिला घराचा दरवाजा बंद केला. तिने पसंत केलेला तरुण कायद्याचा विद्यार्थी आहे, ख्रिस्ती आहे, एका मोठ्या घराण्याचा वारस आहे, यांपैकी कशाचाही हिशेब झाला नाही. तो काळा आहे एवढ्यावर विषय संपला. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही तोच कित्ता गिरविला. आफ्रिकेत सर्व माणसे एकाच परमेश्वराची लेकरे असल्याचा उपदेश ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यांनीच हा विवाह थांबविण्यासाठी धावाधाव केली. चर्चमध्ये ठरलेला विवाह ऐन वेळी अडला; सरकारची संमती असल्याखेरीज तो लावता येणार नाही, अशी भूमिका लंडनच्या बिशपांनी घेतली. अखेर 29 सप्टेंबर 1948 रोजी केन्सिंग्टन येथील नोंदणी कचेरीत दोघांनी लग्न उरकले. धर्मपीठाला जे जमले नाही ते एका साध्या निबंधकाने केले.

दुसरा तडाखा सेरोवेहून आला. पुतण्याच्या पत्राने त्शेकेदी हादरून गेले आणि विवाह रोखण्यासाठी त्यांनी तारांचा सपाटा लावला. त्यांचा विरोध आणि जॉर्ज विल्यम्स यांचा विरोध यांत फरक होता, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. जमातीच्या प्रमुखाची पत्नी ही त्याची खाजगी बाब नव्हे. ती साऱ्या जमातीची माता, आणि म्हणून तिची निवड जमातीच्या संमतीनेच व्हावी, अशी रूढी होती. सेरेत्से यांनी कोणालाही न विचारता ती मोडली होती. शिवाय गोरी राणी आणल्याचे निमित्त करून दक्षिण आफ्रिका आपला देश घशात घालील, ही त्शेकेदींची भीती निराधार नव्हती. असे असले तरी एक गोष्ट उरतेच. रूथला न पाहता, तिच्याशी एक शब्द न बोलता, ती कोणत्या वर्णाची आहे एवढ्यावरून त्यांनी तिच्याविषयी निर्णय केला. 1933 मध्ये साम्राज्याने जो अन्याय त्यांच्यावर केला होता, त्याच जातीचा अन्याय ते आपल्या सुनेवर करीत होते. सोसलेला माणूस आपोआप शहाणा होतो असे नाही, हे येथे दिसते.

बामांग्वाटोंची खोत्ला म्हणजे खुल्या मैदानात भरणारी जमातीची सभा. आपल्याकडील गावसभेसारखे तिचे स्वरूप. प्रत्येक पुरुषाला तेथे बोलण्याचा अधिकार. 1948 च्या अखेरीस दोन वेळा ही सभा भरली आणि बहुतेक वक्ते विवाहाच्या विरोधात बोलले. सेरेत्से यांनी सर्वांचे शांतपणे ऐकून घेतले, रूढी मोडल्याबद्दलचा दोष पत्करला, परंतु पत्नीला सोडण्यास नकार दिला. तिसरी सभा जून 1949 मध्ये भरली, तेव्हा हजारो माणसे जमली होती. सेरेत्से यांनी शेवटी सरळ प्रश्न टाकला : मला आणि माझ्या पत्नीला जे स्वीकारतात त्यांनी उभे राहावे. बघता बघता सारे मैदान उभे राहिले; त्शेकेदींच्या बाजूला मूठभर वडीलधारे तेवढे उरले. चुलत्यांना प्रमुखपद स्वतःकडेच ठेवायचे आहे, हा संशयही या पालटाला कारण झाला, हे लपविण्याचे कारण नाही. पण तेवढ्याने हा पालट समजत नाही. सात-आठ महिने हा तरुण त्यांच्यासमोर उभा राहून बोलत होता, ऐकत होता, चूक मान्य करीत होता आणि तरीही मागे हटत नव्हता. ज्याला त्यांनी रूढीभंजक म्हणून नाकारले होते, त्याला त्यांनी माणूस म्हणून पारखले आणि मत बदलले. त्शेकेदी आपल्या अनुयायांसह मुलूख सोडून गेले.

ऑगस्टमध्ये रूथ सेरोवेला आली. तिच्याशी तुटकपणे वागली ती गावातील गोरी वस्ती. काळ्या माणसाची बायको म्हणून तिला टाळण्यात गोऱ्यांना भूषण वाटे. जमातीतील बायकांनी मात्र तिला जवळ केले. साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांनी जिच्याविषयी भाकिते केली होती ती लंडनची मुलगी उन्हात, धुळीत, विहिरीच्या पाण्यावर संसार मांडून राहिली, हे त्या बायकांनी डोळ्यांनी पाहिले. पाहिलेल्या माणसाविषयी पूर्वग्रह टिकविणे कठीण असते. न पाहिलेल्याविषयी तो सहज टिकतो.

तिसरा तडाखा साम्राज्याचा, आणि तोच सर्वांत भेकड होता. 1948 च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत डॉ. मलान यांचा राष्ट्रीय पक्ष सत्तेवर आला होता आणि 1949 मध्ये त्याने मिश्र विवाहांना बंदी करणारा कायदा केला. सीमेला लागूनच एका जमातीचा प्रमुख गोऱ्या पत्नीसह सन्मानाने राहतो आहे, हे दृश्य त्या सरकारला परवडणारे नव्हते. महायुद्धाने खंगलेल्या ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेचे सोने हवे होते, आणि अणुयुगात तेथील युरेनियमही. अ‍ॅटली यांच्या मजूर सरकारने न्यायमूर्ती हॅरागिन यांची चौकशी समिती नेमली. समितीने प्रामाणिकपणे नमूद केले की सेरेत्से हे प्रमुखपदाला सर्व दृष्टींनी लायक आहेत. परंतु हा विवाह दक्षिण आफ्रिकेला खपणार नाही म्हणून त्यांना मान्यता देऊ नये. म्हणजे दोष शेजाऱ्याच्या मनात, आणि शिक्षा निरपराध्याला! हा निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची लाज वाटली म्हणून सरकारने अहवालच तीस वर्षे दडवून ठेवला.

1950 च्या फेब्रुवारीत विचारविनिमयाच्या मिषाने सेरेत्से यांना लंडनला बोलावण्यात आले. प्रमुखपद सोडल्यास वर्षाला 1,100 पौंड देऊ, असे आमिष दाखविले गेले. ते नाकारताच मार्चमध्ये त्यांच्या हद्दपारीची घोषणा झाली. ब्रिटिश उच्चायुक्त सर एव्हलिन बेअरिंग पूर्ण राजवेष चढवून सेरोवेच्या खोत्लामध्ये हा निर्णय ऐकवायला गेले, तेव्हा मैदान रिकामे होते. जमातीतील एकही माणूस ऐकायला आला नाही. अर्थात रिकाम्या मैदानाने हद्दपारी टळत नाही. रूथने मे महिन्यात सेरोवेतच पहिल्या मुलीला जन्म दिला आणि नंतर हे कुटुंब लंडनजवळ क्रॉयडनला राहू लागले. विरोधी बाकांवरून मजूर सरकारवर तुटून पडलेले चर्चिल 1951 मध्ये स्वतः पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने पुढच्याच वर्षी पाच वर्षांची हद्दपारी कायमची करून टाकली आणि मनधरणीसाठी जमेकातील नोकरी देऊ केली. सेरेत्से यांनी तीही नाकारली. या अन्यायाविरुद्ध ब्रिटनमध्येच आवाज उठला. खासदार फेनर ब्रॉकवे आणि वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांच्यासारखी माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. इकडे जमातीने दुसरा प्रमुख निवडण्यास साफ नकार दिला. 1952 मध्ये सेरोवेत दंगल होऊन तीन पोलीस मारले गेले. एका विवाहापायी माणसांचे प्राणही गेले, तेव्हा कोठे साम्राज्याला आपल्या निर्णयाची किंमत कळू लागली.

गाठ सुटली ती सरकारमुळे नव्हे, चुलत्या-पुतण्यामुळे. 1956 मध्ये त्शेकेदी लंडनला आले आणि दोघांत समेट झाला. तोवर सहा वर्षे लोटली होती. ज्या विवाहाने घराणे बुडेल असे त्यांना वाटले होते, तो विवाह हद्दपारीत, ओढगस्तीत आणि अपमानात टिकून राहिलेला त्यांनी पाहिला होता. दोघांनीही आपला आणि आपल्या मुलाबाळांचा प्रमुखपदावरील हक्क सोडला, आणि सेरेत्से सामान्य नागरिक म्हणून सहकुटुंब मायदेशी परतले. 1958 मध्ये सेरेत्से आणि रूथ यांना जुळे मुलगे झाले. त्यांतील एकाचे नाव त्यांनी त्शेकेदी ठेवले. घराण्यातील एका मोठ्या भांडणाचा शेवट याहून सुंदर रीतीने होणे कठीण. पुढच्याच वर्षी थोरल्या त्शेकेदींचे लंडनमध्ये निधन झाले.

प्रमुखपद गेले म्हणून सेरेत्से लहान झाले नाहीत. उलट जमातीच्या कुंपणाबाहेर पडल्यामुळेच ते राष्ट्राचे पुढारी होऊ शकले. पशुपालनाचा व्यवसाय त्यांना साधला नाही, 1960 मध्ये मधुमेहाचे निदान झाले. तरीही क्वेट मासिरे यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष उभारला. 1965 च्या निवडणुकीत 31 पैकी 28 जागा त्यांना मिळाल्या. 30 सप्टेंबर 1966 रोजी बोत्स्वाना स्वतंत्र झाला. तेव्हा तो जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक होता; साऱ्या देशात डांबरी रस्ते होते जेमतेम बारा किलोमीटर. नव्या राष्ट्राच्या निळ्या ध्वजावर मधोमध काळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा आहेत. काळ्या आणि गोऱ्या नागरिकांनी सलोख्याने नांदावे, हा त्याचा अर्थ. ज्याच्या संसारावर दोन्ही बाजूंनी घाव घातले गेले, त्याच्या देशाने सूडाऐवजी हे चिन्ह निवडले.

या माणसाची खरी कसोटी हिऱ्यांनी पाहिली. 1967 मध्ये ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला, तो नेमका बामांग्वाटोंच्या मुलखात. जमिनीखालील खनिज हे जमातीचे मानले जात असते, तर सेरेत्से यांचे घराणे आणि त्यांची जमात गब्बर झाली असती. परंतु खनिजांवरील हक्क राष्ट्राचा असेल, असा कायदा त्यांच्याच सरकारने केला. जन्माने मिळालेल्या लाभापेक्षा नागरिकत्व मोठे मानणारा हा निर्णय होता. शेजारच्या अनेक देशांत खनिजांनी यादवी माजविली. येथे त्या पैशातून शाळा, दवाखाने आणि रस्ते झाले. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने तीन बाजूंनी घेरलेले असूनही त्या सरकारशी राजनैतिक संबंध त्यांनी ठेवले नाहीत, आणि तिकडून पळून आलेल्यांना आसरा दिला. 13 जुलै 1980 रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या कायद्याच्या धाकाने त्यांना हद्दपार केले गेले, तो दक्षिण आफ्रिकेचा मिश्र विवाहबंदीचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, 1985 मध्ये, रद्द झाला.

या चरित्राला एक काळी किनार आहे, ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. कालाहारीतील बासारवा, ज्यांना जग सान म्हणून ओळखते, ते त्स्वाना जमातींच्या गोठ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वेठीचे गडी म्हणून राबत आले. बामांग्वाटोही त्याला अपवाद नव्हते. काळ्या-गोऱ्यांच्या सलोख्याचा ध्वज फडकविणाऱ्या राष्ट्राने या आपल्याच माणसांना बरोबरीने वागविले, असे म्हणता येत नाही. 1997 मध्ये आणि पुन्हा 2002 मध्ये त्यांना त्यांच्या परंपरागत भूमीतून हलविण्यात आले. 2006 मध्ये उच्च न्यायालयाला त्यांच्या बाजूने निकाल द्यावा लागला. स्वतःवरील अन्याय ओळखणे आणि आपल्या हातून होणारा अन्याय ओळखणे, या दोन निराळ्या विद्या आहेत. त्शेकेदींना 1948 मध्ये जे जमले नाही, ते त्यांच्या देशालाही पुढे सहज जमले नाही.

या कथेतील तिघांचे वर्तन तपासले म्हणजे काय दिसते? सासऱ्याने रंग पाहिला, चुलत्याने रूढी पाहिली, साम्राज्याने स्वार्थ पाहिला. समोरचा माणूस कोणीच पाहिला नाही. रूढी आणि कुळ यांची भाषा बोलणारा पुष्कळदा प्रामाणिक असतो, म्हणूनच तो घरात अधिक बलवान ठरतो. त्याच्या विरोधात प्रेम मिसळलेले असते. आपल्याकडे वधू-वरांच्या जाहिराती रोज वाचणाऱ्याला आणि जातीबाहेरच्या सुनेला उंबरठ्याशी अडविलेले पाहणाऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. मुलांच्या कल्याणासाठीच विरोध करतो, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्शेकेदींचे उदाहरण ध्यानात घ्यावे. त्यांची भीती खरी होती, त्यांचे प्रेमही खरे होते, आणि तरीही ज्या व्यक्तीविषयी ते निर्णय देत होते तिला त्यांनी भेटायला हवे होते. भेटीला सहा वर्षे लागली, आणि ती सहा वर्षे एका कुटुंबाने परदेशात काढली.

पतीच्या निधनानंतर रूथ इंग्लंडला परत जातील, असे अनेकांना वाटले. त्या गेल्या नाहीत. बोत्स्वाना हेच त्यांचे घर झाले होते. 2002 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि सेरोवे येथे पतीच्या शेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली. ज्या जमातीच्या सभेत एकेकाळी त्यांच्या येण्याला विरोध झाला होता, त्याच जमातीच्या मातीत त्या आता विसावल्या आहेत. 2008 मध्ये त्यांचा थोरला मुलगा इयान देशाचा अध्यक्ष झाला, तेव्हा त्याची आई कोणत्या वर्णाची, हा प्रश्न त्याच्या देशबांधवांना आडवा आला नाही. एवढी मजल मारायला त्या देशाला साठ वर्षे लागली. ती मजल मैदानात उभ्या राहिलेल्या साध्या माणसांपासून सुरू झाली होती, हे विसरता कामा नये.